१५ भागिले २६

माणूस एका कंपनीत किती टिकला याची किंमत मला तोंडी काढता येते. शेवटचा बेसिक अधिक डीए म्हणजे महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. भागायला २६ का, तर महिन्यातले चार रविवार वगळले की उरतात ते कामाचे दिवस. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा असला तर पूर्ण वर्ष धरायचं, आतला असला तर सोडून द्यायचा. ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी संपताना मिळणारी एकरकमी रक्कम, तिच्या १९७२ च्या कायद्यातलं हे गणित. २२,००० बेसिक-डीए असलेला माणूस २९ वर्षं ८ महिने काम करून निवृत्त झाला, तर ३० वर्षं धरून ३,८०,७६९ रुपये. वर नाही, खाली नाही.

हा आकडा मी ज्यांच्यासाठी काढला ते आमच्याकडचे ग्राइंडिंगचे तात्या. कंपनीशी निष्ठा म्हटलं की मला आधी तेच आठवतात. आणि गंमत म्हणजे आमच्या पर्सनल, म्हणजे कर्मचारी खात्याच्या लेखी ते एक नंबरचे कंपनीद्रोही होते.

मी पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टाइम ऑफिसला लागले. तेव्हा गेटवर कार्ड पंच करायचं मशीन होतं आणि लेट मार्कवरून रोज सकाळी भांडणं. पुढे पगार खात्यात गेले. कुणाचं सोसायटीचं कर्ज किती राहिलंय, कुणी मुलीच्या लग्नाला पीएफमधून किती काढले, कुणाच्या पगारावर कोर्टाची जप्ती आलीय, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. आता बाहेर पडलेय आणि भोसरी-चाकणच्या लहान कारखान्यांचे पगार घरून काढते. म्हणजे आधी कामगारांचं ऐकायचे, आता मालकांचं ऐकते. दोघंही एकमेकांविषयी सारखंच बोलतात.

तर तात्या. सिलिंड्रिकल ग्राइंडरवर शाफ्ट फिनिश करायचे. दहा-बारा मायक्रॉनच्या टॉलरन्सचं, म्हणजे मापात तेवढाच फरक चालेल असं काम. व्हील ड्रेस करायची, म्हणजे घासणारं चाक परत धारेवर आणायची वेळ झाली हे त्यांना आवाजावरून कळायचं. कूलंट बदललंय हे हाताला कळायचं. फर्स्ट शिफ्टला सगळे कँटीनमध्ये चहा घेत असायचे तेव्हा हे मशीन नुसतंच फिरवत ठेवून बाजूला उभे. सुपरवायझर नवा असला की ओरडायचा, "तात्या, प्रॉडक्शन कुठाय?" तात्या म्हणायचे, "साहेब, थंड मशीनवर पहिले वीस जॉब काढले तर ते संध्याकाळी तुम्हीच स्क्रॅपमध्ये टाकाल." त्यांच्या मशीनचं रिजेक्शन शॉपमध्ये सगळ्यात कमी असायचं. दर महिन्याच्या चार्टवर ते लिहिलेलं असायचं, फक्त ज्यांनी वाचायला पाहिजे ते वाचत नसत.

आणि हेच तात्या युनियनच्या कमिटीवर. दर तीन वर्षांनी वेतनकराराची वेळ आली की गेट मीटिंगला स्टुलावर उभे राहून बोलायचे. "गाड्या डबल झाल्या, शेड डबल झाली, आमचंच ताट तेवढंच का?" मॅनेजमेंटला घाम फोडायचे. एका कराराच्या वेळी स्लोडाऊन झाला, त्यांना चार्जशीट मिळाली, चौकशी बसली, निकाल काहीच लागला नाही. त्या सबंध काळात तात्यांनी काम कमी केलं, खराब कधी केलं नाही. "नगानं काय घोडं मारलंय," म्हणायचे.

पर्सनलवाल्यांना हे कधीच कळलं नाही. त्यांच्याकडे निष्ठावान कोण, तर जो करारात तोंड उघडत नाही, रविवारी बोलावलं की ओटीला येतो आणि साहेबाच्या मुलाच्या मुंजीला हजर असतो. असे दोन-तीन जण होते. त्यांच्या मशीनवरचा माल तात्या फेरतपासणीशिवाय पुढे घेत नसत.

तात्यांनी निवृत्तीच्या आधी एक वही लिहिली. दोनशे पानी, शाळेची. कोणत्या जॉबला कोणतं व्हील, किती फीड, शेवटचे पास किती, कोणत्या महिन्यात पाण्याचा त्रास होतो, टेलस्टॉक कुठे किंचित मार खातो. बॉलपेनने, ठळक, मराठीत. मी ती पाहिलीय, कारण पीएफचे फॉर्म भरायला आले तेव्हा ती त्यांच्या काखेत होती. एक ओळ अजून लक्षात आहे: "पावसाळ्यात गेज आधी पुसावे मग मापावे. आपण चुकत नसतो, गेज ओले असते."

ही वही लिहा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी ती मॅनेजरकडे दिलीही नाही. सेकंड शिफ्टला त्यांच्या मशीनवर एक पोरगा होता, नांदेडकडचा, आयटीआय मशिनिस्ट, त्याला दिली. पोरगा चांगला होता. तात्यांच्या हाताखाली पाच महिने होता. आणि सात महिन्यांच्या टेंपररीवर होता.

सात महिने म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगायला हवं. बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलं की औद्योगिक विवाद कायद्याने ती सलग वर्षाची सेवा धरली जायची. मग माणूस काढायचा तर नोटीस द्या, भरपाई द्या, आणि तो पर्मनंटचा दावा घेऊन लेबर कोर्टात जाण्याची धास्ती वेगळी. त्यामुळे आमच्या पट्ट्यात वर्षानुवर्षं रिवाज असा, की पोरगा सात महिने ठेवायचा आणि २४० च्या आत ब्रेक द्यायचा. काही महिन्यांनी तोच पोरगा परत येतो, कधी दुसऱ्या टोकन नंबरवर, कधी कंत्राटदाराच्या नावाने. २०१४ पासून पीएफला यूएएन, म्हणजे माणसामागे एकच कायमचा नंबर आला, तेव्हापासून हे मला स्क्रीनवर दिसायला लागलं. एकाच नंबराखाली सहा कंपन्या, सात कंपन्या, प्रत्येक ठिकाणी सात महिने. वय वर्षं पंचवीस. मुलाखतीत त्याला विचारतात, "एवढ्या नोकऱ्या का बदलल्या?"

तात्या ऑगस्टमध्ये गेले. पोराचे सात महिने ऑक्टोबरात भरले. मीच त्याचा हिशोब काढला. सेफ्टी शूज परत घेतले, आयकार्ड घेतलं, वही त्याची स्वतःची होती ती त्याच्याबरोबर चाकणला गेली. दिवाळीनंतर त्या मशीनचं रिजेक्शन वाढलं तेव्हा क्वालिटीचे साहेब माझ्याकडे आले, "मॅडम, त्या मुलाचा मोबाइल नंबर आहे का तुमच्याकडे?" होता. मी दिला. पुढे काय झालं ते माहीत नाही, पण वही काही परत आली नाही. का यावी?

पंचवीस वर्षं झालेल्यांना आमच्याकडे मनगटी घड्याळ द्यायचे. कार्यक्रम खंडेनवमीला. त्या दिवशी मशीन धुऊन-पुसून हळद-कुंकू, झेंडूचे हार, बायकापोरं कारखाना बघायला यायची. एमडी साहेब येऊन घड्याळ बांधायचे, फोटो निघायचा. डायलवर कंपनीचं चिन्ह. मग कंपनी विकली गेली. आधी भागीदारी, मग पूर्ण परदेशी मालकी. दोनदा पगारपत्रकावरचं नाव बदललं, गेटवरची पाटी बदलली, डब्यात मिळणाऱ्या दिवाळीच्या मिठाईचा हलवाईसुद्धा बदलला. कायद्याने नोकरी सलग धरली, त्याबद्दल तक्रार नाही, तेवढं नीट झालं. पण घड्याळ ज्या कंपनीचं होतं ती जागेवर नव्हती. मला तेव्हा प्रश्न पडायचा, या लोकांनी पंचवीस वर्षं नेमकी कुणाची केली? जुने मालक पैसे घेऊन मोकळे झाले होते. नव्या मालकांना हे लोक 'लेगसी कॉस्ट', म्हणजे मागून गळ्यात आलेला खर्च वाटत होते. हा शब्द मी त्यांच्या प्रेझेंटेशनमध्ये वाचलाय, शेजारी पगाराचे आकडे माझेच होते.

माझे सासरे, अण्णा, गिरणीतले. साताऱ्याकडून मुंबईला गेले, आधी बदली, मग कायम. बदली म्हणजे रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत खोलीवर. सात महिन्यांचा टेंपररी त्याच जातीचा, फक्त आता दारात उभं राहावं लागत नाही, व्हॉट्सअॅपवर कळतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे असा कधी घेतलाच गेला नाही. अण्णा गावी परतले, शेती केली. पण मरेपर्यंत बोलताना 'आमची मिल' असंच म्हणायचे. त्या मिलच्या जागी काय उभं राहिलं ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं, तरी. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी ६,९२५ घरांची पहिली सोडत काढली. अर्ज त्याच्या कित्येक पट. अण्णांनीही फॉर्म भरला होता. जोडायला मिलचा जुना पास होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला. नंबर लागला नाही. त्यांना फार वाईट वाटलं नाही, आम्हालाच वाटलं.

म्हणून मला 'हल्लीच्या मुलांत निष्ठा नाही' हे वाक्य ऐकवत नाही. निष्ठा भरपूर पाहिलीय मी. ती कंपनीला सापडत नाही, कारण कंपनी ती भलतीकडे शोधते. माणूस मशीनला धरून असतो, शेजारच्या टेबलाला, शिकवणाऱ्या उस्तादाला, डब्याच्या ग्रुपला. तात्यांच्या त्या वहीत कंपनीचं नाव कुठेही नव्हतं.

कंपनीची पारख मात्र मी एकाच गोष्टीवरून करते. जाणाऱ्या माणसाशी ती कशी वागते. येणाऱ्याशी सगळेच गोड. गुलाबाचं फूल, डायरी, इंडक्शन, 'आपण एक कुटुंब आहोत'. सोडतो म्हणाला की बघा.

आमच्याकडे एक डिझाइनची मुलगी होती, आठ वर्षांची जुनी. राजीनामा दिला. अपॉइंटमेंट लेटरमध्ये लिहिलेलं होतं, कर्मचाऱ्याने सोडलं तर तीन महिन्यांची नोटीस, कंपनीने काढलं तर एक महिना. हे वाचून सह्या करताना कुणी थांबत नाही, मीही कधी कुणाला थांबलेलं पाहिलं नाही. तिने तीन महिने भरायची तयारी दाखवली. दुपारी मेल गेला आणि चारला तिचं लॉगिन बंद. साडेपाचला गेटवर तिची पर्स आणि जेवणाचा डबा उघडून तपासला. तिला रोज 'मॅडम' म्हणणाऱ्या त्याच सिक्युरिटीवाल्याने, आणि तो बिचारा खाली मान घालून. पुढे रिलीव्हिंग लेटर अडवून ठेवलं, कारण एक ड्रॉइंग म्हणे सापडत नव्हतं. फुल अँड फायनलची, म्हणजे शेवटच्या हिशोबाची फाइल माझ्याकडे आकडे घालून तयार होती, सही होत नव्हती. त्या काळात डिझाइनमधल्या उरलेल्या चौघांनी काय पाहिलं? वर्षाच्या आत त्यातले तिघे गेले. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये तिघांनीही लिहिलं, 'बेटर प्रॉस्पेक्ट्स'. दुसरं कोण काय लिहितो.

लॉकडाऊनचं तर लिहावंसं वाटत नाही, पण थोडं लिहिते. २९ मार्च २०२० ला केंद्रीय गृहखात्याचा आदेश निघाला की बंद काळाचा पगार कापायचा नाही. १७ मेच्या आदेशाने ते गुंडाळलं, आणि १२ जूनला सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मालकांवर सक्तीची कारवाई नको, कामगार-मालकांनी आपसात बोलून मिटवा. मधले दोन महिने मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून पगारपत्रक काढत होते. पर्मनंटचा पगार झाला, थोडा उशिरा, पण झाला. कंत्राटदाराच्या पोरांचा कॉलमच नव्हता. कापला असंही नाही. त्यांचं बिलच आलं नाही, आणि बिल नाही तर पगार नाही. भोसरीत एका खोलीत कॉट बेसिसवर सहा-सात जण राहतात, मेस बंद, खोलीमालक भाडं मागतोय. मिळेल त्या वाहनाने गेली गावाला. जूनमध्ये शॉप सुरू झालं आणि पर्सनलचे साहेब फोनवर मला सांगतात, "बोलावलं तर यायला तयार नाहीत हो, जरा म्हणून निष्ठा नाही." मी "हो साहेब" म्हटलं आणि फोन ठेवला. नोकरी होती माझी.

ती नोकरी नंतर गेलीच. पगार काढायचं काम बंगळुरूच्या एका एजन्सीला द्यायचं ठरलं. मला वाईट वागवलं असं नाही. गोड बोलले, 'चॉइस' दिला, म्हणजे दुसऱ्या खात्यात रिसेप्शनच्या बाजूला एक टेबल. मी राजीनामा दिला. आणि माझा स्वतःचा फुल अँड फायनल मलाच काढावा लागला, कारण एजन्सीचं काम पुढच्या महिन्यापासून सुरू होणार होतं. शिल्लक रजा, ग्रॅच्युइटी, त्या वर्षाचा बोनस, वजा सोसायटीचा शेवटचा हप्ता. 'तयार करणार'च्या खाली माझी सही आणि 'मिळाले'च्या खालीही माझीच. अकाउंट्सच्या मुलीला हसू आवरेना, मलाही. पैसे मात्र वेळेवर आले. का आले, तर फॉलोअप मीच घेत होते.

आता हे सगळं लिहायचं कारण भाची. हिंजवडीत आहे, चार वर्षं आठ महिने झालेत एका कंपनीत. दुसरीकडून बरी ऑफर आली. राजीनाम्याचं सूतोवाच केल्यावर मॅनेजर म्हणाला, "आम्ही तुझ्यावर इतकं इन्व्हेस्ट केलं आणि तू अशी?" पोरगी दोन दिवस जेवली नाही. माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. "मावशी, मी चुकतेय का गं?"

मी आधी विचारलं, बेसिक किती. ४०,०००. म्हटलं, ९० दिवसांची नोटीस पूर्ण भरलीस की चार वर्षं अकरा महिने होतात. त्यापुढे एक महिना मागून घे. पाच वर्षं पूर्ण झाली की ४०,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, म्हणजे १,१५,३८५ रुपये. ते सोडून जायचं काही कारण नाही. पाच दिवसांचा आठवडा असेल तिथे पाचव्या वर्षात १९० दिवस भरले तरी पुरेत, असा अर्थ कायद्यातून निघतो. सहा दिवसांच्या आठवड्याला २४० दिवस, तसा मद्रास हायकोर्टाचा निकालही आहे. पण बऱ्याच कंपन्या ते मानत नाहीत, मग तू कुठे भांडत बसणार? महिनाभर थांब आणि पूर्ण घे.

ती म्हणाली, "म्हणजे तू मला निष्ठा दाखवायला सांगतेयस की पैशासाठी थांबायला?"

"पैशासाठी. निष्ठा तू चार वर्षं आठ महिने दाखवली आहेस, रात्री अकराचे कॉल घेऊन. ते इन्व्हेस्टमेंट कुणाचं होतं ते त्या मॅनेजरला विचार."

विचारलं नाही तिने, बरंच झालं. नव्या कंपनीने तारीख पुढे दिली. आता हँडओव्हरची कागदपत्रं लिहितेय, आणि ती इतकी निगुतीने लिहितेय की तिची आई वैतागलीय, "सोडून चालली आहेस ना, मग कशाला एवढं?" तिच्या जागी येणारी मुलगी नवी आहे, तिला त्रास नको म्हणून, असं उत्तर. मला तात्या आठवले. ग्राइंडर कधी पाहिला नसेल या पोरीने.

आता मालकांचंही सांगते, नाहीतर म्हणाल बाई एकाच बाजूचं बोलते.

भोसरीत माझे एक क्लायंट आहेत. गाळ्यात धातू कापायची तीन व्हीएमसी मशीन, चौदा माणसं. मोठ्या कंपनीला माल देतात. मोठी कंपनी दरवर्षी दरकपात मागते आणि पैसे नव्वद दिवसांनी देते. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा २००६ चा कायदा आहे, पण त्याच्यावर बोट ठेवलं तर पुढची ऑर्डर कुणाला जाईल? गेल्या दिवाळीला बोनससाठी शेठनी बँकेत सोनं ठेवलं, वहिनींचं. हे मला वहिनींनीच सांगितलं, चहा देताना, अगदी सहज. आणि या माणसाचा ऑपरेटर सात तारखेला पगार झाला की आठ तारखेला गायब. दीड हजार जास्त मिळाले शेजारच्या गल्लीत. शेठचं बोलणं सुरू: "पोराला ड्रॉइंग वाचायला मी शिकवलं मॅडम. खाल्ल्या मिठाला जागत नाहीत."

त्यांचा संताप खोटा नाही. शिकवलं होतं त्यांनी, मी पाहिलंय. शनिवारी संध्याकाळी मशीन बंद झाल्यावर पोरांना बसवून शिकवतात. पण त्याच पोराला चार वर्षांत पगारवाढ मागावी लागली होती प्रत्येक वेळी. आणि ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा आरोग्य विमा? दहा माणसं झाल्यावर लागू होतं, यांनी बारावा माणूस आल्यावर केलं, तेही मी मागे लागल्यावर. कामगाराचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. त्या पोराच्या बायकोचं बाळंतपण त्याच्या आधीचं, खासगी दवाखान्यात, उधारीवर. शेठ हे विसरलेत, पोरगा विसरला नसेल.

माझं माहेर नागपूरचं. एम्प्रेस मिल आमच्या शहरात १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. कामगार गैरहजर फार राहायचे म्हणतात. जमशेटजी टाटांनी त्यावर १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला, १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला लागले. तेव्हा असला कोणताही कायदा नव्हता. शेठना हे सांगितलं तर म्हणाले, "ते टाटा होते मॅडम." खरं आहे. आणि ती मिलही २००२ मध्ये बंद पडली, हेही खरं. पेन्शन फंड काढला म्हणून कारखाना अमर होत नाही. पण माणूस कामावर का येतो याचा विचार कुणीतरी रागावण्याआधी केला होता, एवढंच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, पाच वर्षं थांबायची गरज नाही. वाचून आधी बरं वाटलं, मग सात महिने आठवले. वर्ष भरूच दिलं नाही तर? ते पुढे दिसेल.

मला जास्त इंटरेस्ट दुसऱ्या कलमात आहे. वेतन संहितेत आहे की माणसाने राजीनामा दिला किंवा त्याला काढलं, तर त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. ग्रॅच्युइटीला तीस दिवस वेगळे, पण पगार दोन दिवसांत. हे सगळ्या क्लायंटना मी मेसेजवर पाठवलं. पहिला फोन भोसरीच्या शेठचा.

"मॅडम, दोन दिवस? आपण तर पुढच्या सात तारखेला देतो."

"आता नाही चालणार."

"अहो पण टूल्स परत केली का, उचल किती बाकी, हे बघायला वेळ नको?"

"राजीनामा आला त्याच दिवशी बघायचं. दीड हजारासाठी गेला म्हणून चिडून महिनाभर फाइल दाबून ठेवायची नाही."

थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "त्या पोराचा हिशोब काढला का आपण?" नव्हता काढला, त्यांनीच थांबवून ठेवला होता. सकाळी काढून पाठवला, अकरा दिवसांचा पगार आणि शिल्लक रजा. दुपारी पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट आला, खाली फक्त अंगठा.

आता नो ड्यूजचा, म्हणजे कुणाचं काही देणं बाकी नाही याचा फॉर्म एका पानावर आणतेय. पूर्वी स्टोअर, टूलरूम, कँटीन, अकाउंट्स, सिक्युरिटी अशा पाच ठिकाणी माणूस हिंडायचा. चौदा माणसांच्या गाळ्यात एवढी खाती आहेतच कुठे, सगळीकडे शेठच. चाकणच्या एका क्लायंटकडे पुढच्या आठवड्यात दोघं सोडताहेत, तिथे आधी वापरून बघते.